युरोपला गंडा घालणारा गेंडा

जर्मन चित्रकार आल्ब्रेष्ट ड्यूररने १५१५ साली छापलेला गेंडा एकदा नीट न्याहाळून बघा. अंगावर चिलखताचे पत्रे, पत्र्यांवर रिबिटं ठोकावीत तसे फोड, पायांवर खवले. आणि नाकावरचं शिंग कमी पडलं म्हणून की काय, मानेमागे पाठीवर आणखी एक इवलंसं पीळदार शिंग! ड्यूररने आयुष्यात कधी गेंडा पाहिला नव्हता. तरी पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र यायचं.

हा गेंडा निघाला होता गोव्याहून. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने १५१४ साली परवानगी तर दिली नाहीच, उलट नजराणा म्हणून गेंडा दिला. (नकार कळवायची ही तऱ्हा मला फार आवडते.) आल्बुकर्कने ते धूड जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवून राजा मानुएलकडे रवाना केलं. सोबत ओसेम नावाचा राखणदार होता आणि खायला पेंढा, गवत नि शिजवलेला भात. २० मे रोजी जहाज लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगीजांनी त्याचं नावही इथलंच उचललं होतं: ‘गंडा’. पुढे काय झालं ते पाहता हे नाव चपखलच म्हणायचं.

लिस्बनहून एक पत्र आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं आणि तेवढ्याच भांडवलावर ड्यूररने चित्र उभं केलं. चित्राच्या माथ्यावर छापलेला मजकूर म्हणतो, रंग ठिपकेदार कासवासारखा, अंगभर जाड कवच. आता कासव आणि कवच हे दोन शब्द कानावर पडल्यावर चिलखतं घडवणाऱ्यांच्या गावात राहणारा चित्रकार दुसरं काय काढणार? शिवाय हे लाकडी ठशाचं काम. त्यात शाई लागते किंवा लागत नाही, मधली करडी छटा नाही. कातडीचा खरखरीतपणा दाखवायचा तो रेघा, ठिपके आणि खवल्यांनीच.

गंमत म्हणजे सगळंच खोटं नाही. भारतीय गेंड्याच्या कातडीला मानेभोवती, खांद्यामागे आणि मांडीपुढे खोल घड्या असतातच. काझीरंगातला कुठलाही फोटो बघा, शिवण घालून पत्रे जोडल्यासारखं दिसतं. खांद्यावर आणि ढुंगणावर चामखिळीसारखे गोल फुगवटे असतात, तीच ड्यूररची ‘रिबिटं’. पायाला तीन बोटं, तीही बरोबर. पाठीवरचं शिंग मात्र निव्वळ कल्पनेतलं.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही हाच गेंडा छापला. तो खऱ्याच्या बराच जवळ जातो, पुढच्या पायांना बांधलेला दोरही त्यात दिसतो. त्याची आज एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररचा गेंडा मात्र त्याच्या मृत्यूनंतरही पुन्हापुन्हा छापला गेला आणि १५५१ पासून निघालेल्या कोनराड गेस्नरच्या प्राणिकोशातही जाऊन बसला. चित्र जितकं विलक्षण, तितकं ते खरं वाटलं असावं. अठराव्या शतकाच्या शेवटी जेम्स ब्रूस या प्रवाशाने आफ्रिकेतला दोन शिंगांचा गेंडा छापला आणि ड्यूररच्या चुकाही काढल्या. पण त्याच्या स्वतःच्या गेंड्याच्या अंगावर त्याच चिलखती घड्या! आफ्रिकी गेंड्याला तशा घड्या नसतात. डोळ्यांपुढे प्राणी असला तरी हात आधी पाहिलेलं चित्रच गिरवत राहतो, ते असं.

मूळचा बिचारा ‘गंडा’ पोपला भेट म्हणून पाठवला गेला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. पाय साखळदंडात होते, नाहीतर गेंडे उत्तम पोहतात.

ड्यूररची पकड ढिली केली ती क्लाराने. बंगालमधून आलेली ही गेंडी १७४१ साली रॉटरडॅमला उतरली आणि पुढची सतरा वर्षं युरोपभर फिरली. तिकीट काढून हजारोंनी तिला पाहिलं, चित्रकारांनी समोर उभं राहून रंगवलं. १७५१ साली व्हेनिसमध्ये पिएत्रो लोंगीने काढलेल्या चित्रात ती निवांत गवत खातेय. नाकावर शिंगच नाही, ते कठड्याशी उभ्या माणसाच्या हातात आहे. गेंड्याचं शिंग म्हणजे हाड नव्हे. आपल्या नखांसारखं केराटिन, निघालं तर पुन्हा वाढतं. ड्यूररच्या गेंड्याला एक शिंग जास्त होतं, लोंगीच्या क्लाराला एकही नाही.