मोटारगाडी सुरू न होणे : दोषनिदान

किल्ली फिरवूनही मोटारगाडीचे एंजिन चालू होत नसेल, तर दोष कुठे आहे हे क्रमाने तपासून ठरवण्याची पद्धत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला. त्यापूर्वी एंजिन सहसा हँडलने फिरवावे लागे. बोलीत याच स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे एंजिन फिरते की नाही हे पाहणे. ते फिरत नसेल तर संशय बॅटरी, तारा व सेल्फवर जातो. जलद टकटक ऐकू आली तर सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा चुंबकीय स्विच) ओढला जातो, पण भार पडताच व्होल्टेज कोसळून तो सुटतो, असे समजावे. बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच ठळक ‘टक्’ होऊन सारे थांबले, तर सेल्फ किंवा सोलेनॉइडचे झिजलेले संपर्क तपासावेत. अजिबात आवाज नसेल तर स्विच, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) किंवा क्लचचा सुरक्षा-स्विच पाहावा.

पूर्ण भारित, विसावलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते आणि ते १२.० च्या आसपास आले की बॅटरी जवळपास रिकामी समजतात. मात्र विसाव्यातील आकडा फसवा असतो. खरी कसोटी भाराखाली लागते : सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी या कसोटीला उतरूनही सेल्फ रडत फिरत असेल, तर मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे एंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. वाचन ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त आल्यास अर्थिंगची पट्टी (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूला जोडणारी) किंवा तिचे बोल्ट सदोष आहेत. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल तर वाटेतला एक शतांश ओहम रोधही दीड व्होल्ट खातो. म्हणूनच टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी क्षुल्लक मानू नये. ही तपासणी न करता थेट नवी बॅटरी बसवण्याची सवय ग्राहकाला नाहक खर्चात पाडते.

मॅन्युअल गिअरची गाडी धक्का मारून चालू झाली, तर इंधन व ठिणगी शाबूत असल्याचा तो पुरावा होय.

एंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी इंधन, ठिणगी व सिलिंडरमधील दाब हे तीन घटक पाहतात. पेट्रोल-इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत इग्निशन चालू करताच इंधनपंपाची घरघर दोनएक सेकंद ऐकू येते. ती नसल्यास फ्यूज, रिले व पंप तपासावा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला, तर किल्ली ओळखली गेलेली नाही. एंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप एंजिनच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) तुटल्याची शक्यता असते आणि सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. थंडीत डिझेल गाडी अडल्यास ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) पाहतात.

मुंबईसारख्या शहरांत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारणे हाच सर्वांत मोठा धोका ठरतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. अशी गाडी ओढून नेऊन, पेट्रोल एंजिन असल्यास स्पार्क प्लग काढून, एंजिन हाताने फिरवून आधी पाणी बाहेर काढावे लागते.