‘हे बघ, असं करायचं!’

शाळेबद्दल तक्रार करायची वेळ आली की एक आकडेवारी हमखास पुढे येते. पाच वर्षांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलं कल्पकतेच्या चाचणीत अफाट गुण मिळवतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण ३० टक्क्यांवर उतरतं, पंधराव्या वर्षी १२ वर, आणि मोठ्या माणसांत अवघे २ टक्के उरतात. जॉर्ज लँड आणि बेथ जार्मन यांनी १९९२ सालच्या एका पुस्तकात हे आकडे दिले. मूळ चाचणी नासासाठी तयार केली होती, असंही सोबत सांगितलं जातं, त्यामुळे त्यांना आपोआप वजन येतं. पुढे २००६ साली ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन यांनी शाळा सर्जनशीलता मारते का, या विषयावर भाषण केलं, ते जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिलं, आणि उत्तर ‘हो’च आहे असं जणू ठरूनच गेलं.

मला ते उत्तर पटत नाही. निदान ज्या धडाक्यात सांगितलं जातं तसं तर नाहीच. हे आकडे पुस्तकातून आले, संशोधनपत्रिकेच्या छाननीतून नाही, ही पहिली अडचण. पण समजा, ते अगदी खरे आहेत. तरी पाच ते पंधरा या दहा वर्षांत मूल नुसतं शाळेत जात नसतं. त्याची भाषा वाढते, सवंगडी बदलतात, लोक काय म्हणतील हे कळू लागतं, मेंदूची जडणघडण पुढे सरकते. याच काळात दुधाचे दातही पडतात, त्याचा जाब शाळेला कोणी विचारत नाही.

मग कल्पकता मोजतात तरी कशी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्यांच्या परंपरेतला ठरलेला प्रश्न असा: विटेचे जमतील तितके उपयोग सांगा. भिंत बांधणं, दार अडवणं, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवणं, आणखी काय काय. पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये याच धर्तीवर मुलांसाठी चाचण्या आणल्या. किती कल्पना सुचल्या, त्या किती निरनिराळ्या होत्या, इतरांना न सुचलेल्या किती, यावर गुण. चौथीच्या सुमारास मुलांचे गुण घसरतात हे टॉरन्स यांनीच नोंदवलं, आणि ‘चौथीची घसरगुंडी’ तेव्हापासून प्रसिद्ध आहे. नंतरच्या अभ्यासांत मात्र ती कुठे आधी दिसली, कुठे उशिरा, कुठे दिसलीच नाही.

क्युंग ही किम यांनी २०११ मध्ये टॉरन्स चाचणीचे तब्बल २,७२,५९९ निकाल तपासले. अमेरिकेत १९९० नंतर गुण घसरत गेले होते, आणि सर्वाधिक घसरण बालवाडी ते तिसरीच्या मुलांत होती. हा निष्कर्ष शाळेविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला जातो. पण शाळा काय १९९० साली सुरू झाल्या? त्याआधीच्या पिढ्याही बाकांवरच बसल्या होत्या. घसरण खरी असेल तर तिचं कारण शाळेच्या असण्यात नाही, त्या काळात जे काही बदललं त्यात शोधायला हवं.

आता एक प्रयोग जरा जवळून पाहू. लहान मुलं उपजत संशोधक असतात ही आपली लाडकी समजूत तो चांगलीच हलवतो.

मुलासमोर एक उंच, अरुंद, पारदर्शक नळी ठेवलेली असते. तळाशी इवलीशी बादली, तिला कडी, आणि बादलीत स्टिकर. शेजारी तारेचा मऊ तुकडा आणि थोडी दोरी. तारेला आकडा काढायचा, कडीत अडकवायचा, बादली वर ओढायची, झालं. २००२ साली ऑक्सफर्डमध्ये बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने अशाच प्रसंगी सरळ तार वाकवून आकडा बनवला होता. सारा बेक आणि सहकाऱ्यांनी हेच काम मुलांना दिलं. पाच वर्षांखालच्या मुलांना ते क्वचितच जमलं. ती तार सरळच नळीत घालतात, बादलीला टोचतात, दोरी सोडून बघतात, परत तार घालतात. तार वाकवायचं काही सुचत नाही. आठव्या वर्षी साधारण निम्मी मुलं यशस्वी होतात. गंमत अशी, की आकडा कसा काढायचा हे एकदा करून दाखवलं की चार वर्षांचं मूलही लगेच काढतं. हात तयार असतात, कल्पना नसते.

हा पाश्चात्त्य शहरी मुलांचा दोष असेल, असं वाटलं तर तेही तपासून झालं आहे. मार्क नील्सन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन समाजातल्या मुलांना हेच काम दिलं. त्यांनाही तितकंच जड गेलं.

म्हणजे वय वाढतं, शाळेची वर्षं वाढतात, तशी ही कल्पकता घटत नाही, वाढते. विटेचे पन्नास उपयोग सांगणं आणि अडलेल्या जागी एक चालणारी युक्ती काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला माहिती लागते, जुन्या अनुभवांची जुळणी लागते. ‘मुलं कल्पक, मोठी माणसं ठोकळेबाज’ या मांडणीत पहिलीलाच सगळा मान मिळतो.

पण मुलांकडे असं काही असतं का, जे आपण खरोखर गमावतो? असतं. टिम जर्मन आणि मार्गारेट डिफायटर यांच्या २००० सालच्या प्रयोगात एका बाहुलीला उंच फळीवरची वस्तू काढायची होती. हाताशी ठोकळे, ते ठेवलेला खोका, आणखी काही वस्तू. नुसत्या ठोकळ्यांची उंची पुरत नाही, खोका उपडा करून त्यावर ठोकळे रचावे लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना खोका आधी ‘वस्तू ठेवायची जागा’ म्हणून दिसला की तो उपडा करायला वेळ लागे. पाच वर्षांच्या मुलांना असा काही फरक पडला नाही. त्यांच्या लेखी खोका अजून ‘कशासाठी तरी’ ठरलेला नव्हता. हा मोकळेपणा पुढे जातो, पण तोही शाळेमुळे असं म्हणता येत नाही. इक्वाडोरच्या ॲमेझॉन जंगलातल्या शुआर लोकांमध्ये, जिथे बाजारू वस्तूंची रेलचेल नाही, तिथेही वस्तूच्या नेहमीच्या कामात मन असंच अडकतं, हे जर्मन यांनीच एच. क्लार्क बॅरेट यांच्यासोबत २००५ मध्ये दाखवलं.

चित्रांबद्दलही असंच. लहान मुलांची चित्रं बेधडक, नऊ-दहाव्या वर्षी ती कोरडी, पट्टीने आखल्यासारखी होतात, ही कुरकुर सगळ्यांच्या परिचयाची. पण कोणाच्या नजरेने कोरडी? मॉन्ट्रियलमध्ये पॅरिसर आणि व्हॅन डेन बर्ग यांनी १९९७ साली ही चित्रं चिनी वंशाच्या परीक्षकांनाही दाखवली. त्यांच्या मते मधे घसरण वगैरे काही नव्हती, वयाबरोबर चित्रं सुधारतच गेली होती. आधुनिक चित्रकलेवर पोसलेल्या नजरेला चार वर्षांच्या मुलाचे फराटे भावतात, नऊ वर्षांच्या मुलाला मात्र घोडा घोड्यासारखा यायला हवा असतो. त्यात मुलाचं काही बिघडलेलं नाही.

इतकं सगळं शाळेच्या बाजूने बोलून झाल्यावर आता तिच्या विरुद्धचा पुरावा. तो आहे, आणि चांगला भक्कम आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक खेळणं बनवलं. नळ्या-नळ्यांचं, दिसायला विचित्र. त्यात चार करामती होत्या. एक नळी ओढली की आवाज येई, एका बटणाने दिवा लागे, एक भाग संगीत वाजवी, आणि एका नळीच्या आत आरसा दडलेला. काही मुलांना संशोधिका सांगे, हे माझं खेळणं, ते कसं चालतं ते तुला दाखवते, हे बघ! आणि नळी ओढून आवाज काढून दाखवी. दुसऱ्या गटासमोर ती स्वतःच नवखी असल्याचं सोंग घेई: अरेच्चा, हे काय, आवाज आला! तिसऱ्या गटाला शिकवता शिकवता ती मधेच थांबे, मला जरा काही लिहून घ्यायचं राहिलं म्हणे, आणि जाई. मग प्रत्येक मूल खेळण्याबरोबर एकटं.

नीट शिकवलेली मुलं पुन्हा पुन्हा तीच नळी ओढत बसली आणि लवकर कंटाळली. बाकीच्यांनी जास्त वेळ उलटसुलट करून पाहिलं, जास्त करामती हुडकल्या. अर्धवट शिकवून सोडलेलीसुद्धा. यात शिकवलेली मुलं मठ्ठ होती असं नाही, उलट त्यांचा हिशेब चोख होता. शिकवणाऱ्याला सगळं माहीत आहे, त्याने एकच गोष्ट दाखवली, तर दाखवण्यासारखं आणखी काही नसणार. वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची पुस्तीही याच अभ्यासात आहे: दुसऱ्या मुलाला शिकवलेलं नुसतं कानावर पडलं तरी हाच परिणाम दिसला. तेच एखाद्या मोठ्या माणसाला शिकवलेलं ऐकलं, तर नाही.

शिकवल्याने तारेचा आकडा तयार होतो आणि शिकवल्यानेच खेळण्यातला आरसा सापडायचा राहतो. दोन्ही निष्कर्ष एकाच वयाच्या आसपासच्या मुलांवरचे आहेत, आणि त्यांत भांडण नाही. एकीकडे मूल आधी झटून अडलेलं होतं, दुसरीकडे त्याने वस्तूला हात लावण्यापूर्वीच उत्तर आलं. मला शाळेचा खरा दोष इथे दिसतो: ती फार लवकर दाखवते.

आणि दाखवून झालं की बक्षीस देते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुद्दाम अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढणं मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी ताऱ्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले. ठरवून बक्षीस मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला सुमारे ९ टक्के वेळ चित्रांना दिला, बाकी दोन्ही गटांनी १७-१८ टक्के. बक्षिसासाठी काढलेली चित्रंही परीक्षकांना डावी वाटली होती. टेरेसा अमाबिले यांना पुढे मुलींच्या कोलाजकामात स्पर्धेचा असाच परिणाम आढळला.

शिक्षकांना कल्पक मुलं आवडतात का, हेही विचारून पाहिलं गेलं आहे. एरिक वेस्टबी आणि व्ही. एल. डॉसन यांच्या १९९५ च्या अभ्यासात शिक्षक म्हणाले, आवडतात. मग त्यांच्या सर्वांत आवडत्या आणि नावडत्या विद्यार्थ्यांचं वर्णन घेतलं, तर कल्पक मुलांची लक्षणं जास्त जुळली ती नावडत्यांशी. चाळीस मुलांच्या वर्गात सतत ‘पण असं का?’ विचारणारं मूल सांभाळायचं म्हणजे काय, हे ज्याने शिकवलं आहे त्याने या शिक्षकांना हसू नये.

तेव्हा शाळा की बिनशाळा हा वाद मला निरर्थक वाटतो. शाळाशाळांतला फरक मात्र मोठा आहे, आणि तो आपल्या अंदाजांना जुमानत नाही. ‘पिसा’ या ‘ओईसीडी’ संघटनेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीने २०२२ च्या फेरीत १५ वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारक्षमता ६४ देश-प्रदेशांत तपासली. परीक्षांच्या धाकासाठी ओळखलं जाणारं सिंगापूर ६० पैकी ४१ गुणांनी पहिलं आलं, संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी होती ३३. गणितात तितक्याच तगड्या हाँगकाँग, मकाऊ आणि तैवानला मात्र सरासरीच्या आसपासच राहावं लागलं. नुसता परीक्षांचा जाच बघून काहीच सांगता येत नाही.

अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा २००६ चा अभ्यास त्यामुळे जास्त मोलाचा. अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये एका माँटेसोरी शाळेत प्रवेश सोडतीने मिळत असे. सोडत लागलेली आणि न लागलेली, अशी दोन्ही प्रकारची मुलं त्यांनी तपासली, म्हणजे ‘हौशी पालकांची मुलं’ हा आक्षेप गळाला. मुलांची संख्या थोडी होती, हे खरं. माँटेसोरी वर्गात साधन कसं हाताळायचं ते अगदी नेमकं करून दाखवतात, तेव्हा दाखवण्यालाच सरसकट दोष देणाऱ्यांची इथे पंचाईत होते. पण दाखवून झाल्यावर मूल त्या साधनाशी तासन्‌तास एकटं राहू शकतं, आणि सोनेरी तारे नसतात. बारा वर्षांच्या मुलांना गोष्टीची सुरुवात देऊन ती पुरी करायला सांगितली, तेव्हा माँटेसोरीतल्या मुलांच्या गोष्टी जास्त कल्पक ठरल्या, त्यांची वाक्यरचनाही जास्त प्रगल्भ होती. स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरणात दोन्ही गट सारखेच निघाले.