लहान ॲम्प काय ऐकवतो, काय झाकतो

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागलेल्या मुलाचा पहिला ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) आता बहुधा एका हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा असतो. परवडतो, दप्तरात बसतो, वीज गेली तरी वाजतो. मोठ्या ॲम्पचाच हा धाकटा भाऊ, आवाज तेवढा कमी, अशा समजुतीने मुलं त्यावर रियाज करतात. गिटार शिकवताना मी ही समजूत पहिल्याच आठवड्यात दूर करतो. लहान ॲम्पचा आवाज नुसता कमी नसतो, तो वेगळा असतो. हाताच्या काही चुका तो स्पष्ट ऐकवतो आणि काही पार झाकून टाकतो. कोणत्या झाकतो, हे भौतिकशास्त्रावरून आधीच सांगता येतं.

स्पीकरचं काम हवा ढकलण्याचं. खळ्यावर सुपाने वारा घातला की भुसा उडतो. तेवढाच वारा तळहाताने घालायचा तर हात किती जोरात आणि किती लांब हलवावा लागेल, याचा विचार करा. गिटारच्या मोठ्या ॲम्पमध्ये सहसा १२ इंची स्पीकर असतो, या छोट्यांमध्ये ३ इंची, फार तर ५ इंची. १२ आणि ३ ची तुलना केली तर व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. सूर एक सप्तक खाली गेला, म्हणजे कंपनसंख्या निम्मी झाली, की तितकाच मोठा आवाज काढायला कोनला, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याला, चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. ३ इंची कोनला हलायला जागा असते काही मिलिमीटर. त्यातच लहान डब्यात कोंडलेली हवा त्याच्या हालचालीला विरोध करते.

त्यामुळे अशा स्पीकरचा आवाज साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) खाली झपाट्याने घसरतो. आता गिटारकडे पाहा. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झ, तिच्या शेजारची ११०, तिसरी १४७. तिन्ही जाड तारांचे मोकळे मूळ सूर या स्पीकरमधून जेमतेम बाहेर पडतात, ८२ चा तर जवळजवळ नाहीच.

तरीही जाड तार आपल्याला ऐकू येते, आणि बेसूरही वाटत नाही. तार फक्त ८२ ला कंप पावत नाही. तिच्यात १६५, २४७, ३३० असे त्याच्या पटीतले उपस्वरही असतात. ते स्पीकरमधून व्यवस्थित येतात. एकमेकांपासून सारख्या अंतरावरचे हे स्वर ऐकले की मेंदू त्यांच्या मुळाशी असलेला ८२ चा सूर स्वतःच ओळखतो, तो हवेत नसला तरी. जुन्या लँडलाइन फोनवर हेच घडायचं. त्या तारेवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १००-१२० च्या आसपास, म्हणजे तो कापला जाई, तरी पलीकडून वडील बोलतायत हे पहिल्या शब्दात कळायचं. ऐकण्याच्या शास्त्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

पण मेंदू सूर भरून काढतो, धक्का नाही. लग्नातल्या ढोलाचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला तर ताल कळतो, छातीत बसणारा ठोका मात्र मिळत नाही. गिटारमध्ये याचा परिणाम थेट हातावर होतो. जाड तारा न वाजवताना तळव्याने किंवा बोटाने दाबून ठेवाव्या लागतात. त्या सुटल्या तर शेजारच्या तारेच्या कंपनाने किंवा हात घासल्याने घुमत राहतात. ही घुमघुम मुख्यतः १५० हर्ट्झच्या खालची. घरच्या लहान ॲम्पवर ती फारशी कळत नाही, त्यामुळे तारा दाबण्याची सवय लागत नाही. मग तोच मुलगा गॅदरिंगला मोठ्या साउंडवर वाजवतो आणि पहिल्या कॉर्डपासून (एकत्र छेडलेल्या सुरांपासून) खाली सगळा गडगडाट सुरू होतो. हाताची चूक जुनीच असते. ऐकू त्या दिवशी पहिल्यांदा येते.

आता वॅटकडे. दुकानात सगळे वॅट विचारतात, स्पीकर किती इंची हे फार थोडे. वॅट म्हणजे स्पीकरला दिलेली वीज. तिच्यातून आवाज किती निघेल हे स्पीकरवर ठरतं. गिटारच्या चांगल्या १२ इंची स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज मिळतो. छोट्या ३ इंचीतून त्याच १ वॅटला ८५ च्या आसपास. फरक सुमारे १५ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात तीसपट. मोठ्या स्पीकरवरचा १ वॅट गाठायला छोट्याला ३० वॅट लागतील, आणि तेवढ्यात त्याची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळेल.

बॅटरीचीही मर्यादा आहे. ९ व्होल्टच्या सेलवर साध्या जोडणीत आवाजाची विजेतली लाट वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्टच जाऊ शकते. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला यातून हिशेबाने सव्वा वॅट मिळतो. आतल्या चिपमध्ये थोडे व्होल्ट अडकतात, म्हणून प्रत्यक्षात अर्धा-पाऊण. या जातीच्या कितीतरी ॲम्पमध्ये एलएम३८६ ही जुनी, स्वस्त चिप असते आणि तिचं गणित नेमकं असंच आहे. जोडणी बदलून स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट चालवली तर शक्ती चौपटीपर्यंत वाढते. नव्या लिथियमवाल्या ॲम्पमध्ये बहुतेक अशीच युक्ती वापरलेली असते.

आता तार छेडताक्षणीचा झटका आणि नंतर टिकणारा आवाज यांत सहज १० डेसिबलचा फरक असतो, म्हणजे त्या क्षणापुरती दहापट शक्ती लागते. ती नसली की लाटेचा माथा सपाट कापला जातो. अमळनेर-धुळ्याकडची मुलं सांगतात, ‘सर, आवाज फाटी ऱ्हायना,’ म्हणजे आवाज फाटतोय. बरोबरच आहे. रॉक वाजवणाऱ्याला हे फाटणं हवंहवंसं वाटतं. शिकणाऱ्याने मात्र एक लक्षात ठेवावं, की झटका कापला गेला की हळू छेडलं काय आणि जोरात छेडलं काय, आवाज जवळजवळ सारखाच येतो. उजव्या हाताला नाजूक-जोरकस यातला फरक शिकवायचा असेल तर असा ॲम्प त्या धड्याला निरुपयोगी आहे. त्यासाठी गेन (आवाज फाडणारं बटण) कमी, व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवून वाजवावं.

फाटलेल्या आवाजात कॉर्ड का बिघडते, हेही पाहण्यासारखं आहे. लाट कापली गेली की दोन सुरांतून त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार होतो. २२० चा सा आणि ३२९.६ चा पंचम एकत्र वाजवले तर वजाबाकी १०९.६, म्हणजे खालच्या सप्तकातला जवळजवळ अचूक सा. म्हणून नुसत्या सा-प ची पॉवर कॉर्ड फाटलेल्या आवाजातही भरदार लागते. पण २२० सोबत गिटारचा गंधार, २७७.२, घेतला तर वजाबाकी ५७.२ येते, आणि जुळणारा सूर असतो ५५. या बेसूर पिल्लांमुळे पूर्ण मेजर कॉर्ड चिखलासारखी लागते. मोठ्या ॲम्पवरही हे होतंच, लहानावर लवकर होतं.

‘घरी ब्लूटूथ स्पीकर आहे, त्यालाच जोडू का?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. जोडू नका. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) १० लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो, स्पीकरच्या ऑक्सला (वायर लावायच्या भोकाला) बहुधा १० हजारांच्या घरातलाच असतो, त्यामुळे वरचे स्वर मरतात आणि आवाज मातकट होतो. मोबाइलमधून ब्लूटूथने पाठवलं तर सहसा एक-दोन दशांश सेकंदांचा उशीर लागतो. दोन दशांश सेकंदांत ध्वनी सुमारे ७० मीटर जातो. म्हणजे बोटं इथे आणि ॲम्प शेताच्या दुसऱ्या बांधावर. ताल शिकणाऱ्याचं यात नुकसान होतं.

या डब्याची खरी ताकद मला हेडफोनच्या भोकात दिसते. हेडफोनचा पडदाही लहानच, पण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते. कानावर नीट बसलेल्या हेडफोनमध्ये थोड्याशा कोंडलेल्या हवेचा दाब कमी-जास्त केला की ८२ हर्ट्झ स्वच्छ ऐकू येतो. स्पीकरने झाकलेली जाड तारांची घुमघुम तिथे लगेच सापडते. आठवड्यातून एकदा तरी सगळा धडा हेडफोन लावून वाजवावा, आवाज बेताचा ठेवून. डाव्या हाताची स्वच्छता, सुरांची लावणी, ताल, वेग यांसाठी मात्र साधा ३ इंची स्पीकरही पुरेसा आहे, कारण ही सगळी माहिती २०० हर्ट्झच्या वरच असते. किंबहुना खालचा भरणा नसल्याने नीट न दाबलेली तार अशा ॲम्पवर जास्त टोचते, हा शिकणाऱ्याचा फायदाच.

उन्हाळ्यात खान्देशातली निम्मी घरं रात्री गच्चीवर असतात, गिटारही तिथेच येते. उघड्यावर भिंतीचा आधार नसतो आणि अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, म्हणून ॲम्प एकदम दुबळा वाटतो. शेजाऱ्याला तो तसा वाटेलच असं नाही. एक मीटरवर ८० डेसिबल असलेला आवाज आठ मीटरवरच्या गच्चीत ६२ उरतो, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ आहे. खोलीत असाल तर ॲम्प कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवा. दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर लक्षणीय उचलतात, एकही पैसा न घालता.

बँजो पार्टी ऐकत वाढलेल्या कानांना हा आवाज अपुरा वाटणार, हे मी समजू शकतो. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर या ॲम्पचा आवाज कितीही वाढवला तरी पुरणार नाही, ड्रम सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. मंचावर ॲम्पच्या कोनसमोर माइक लावून साउंडवाल्याकडे आवाज द्यावा. तिथे मोठेपणाचा प्रश्न सुटतो, खालच्या सुरांची उणीव तशीच राहते.

शेवटी आपल्याकडच्या उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांची असते. त्यापुढे चार्जिंग केलं तर सेलचं आयुष्य भराभर घटतं, आणि सेल फुगू लागला तर तो ॲम्प वापरायचा थांबवावा. चार्जिंग पहाटे लावावं, ॲम्प बंद गाडीत ठेवू नये. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर सुट्टीत सेल काढून ठेवावेत, गळलेल्या सेलने आतले संपर्क गंजतात.