विठ्ठल मोजायचे कसे?

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतल्या एक ताई परवा लिफ्टमध्ये भेटल्या. मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही. पण चेहरा खुललेला. "एक्झोम टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे ऑटिझम नाही!"

असं नसतं हो. एक्झोम म्हणजे रक्तातून जनुकं वाचणारी चाचणी. ऑटिझमचं निदान रक्तावरून नाही, वागण्यावरून होतं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३च्या निकषांत सामाजिक संवादातल्या तिन्ही अडचणी आणि तेच ते करत राहण्याच्या चार प्रकारांपैकी किमान दोन दिसावे लागतात. जनुकीय चाचणी सांगते ते कारण, तेही सापडलं तर.

आणि एक्झोमच्या हातून सहसा निसटणारं एक कारण म्हणजे फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय आजार. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, नामजपातल्या वि-ठ्ठ-ल सारखी. बहुतेकांत तीसेक वेळा. ५५ ते २०० असतील तर जनुक चालू राहतं, पण पुढच्या पिढीला धोका. २००च्या वर गेले की पेशी तिथे मिथाइल या रसायनाची कुलपं ठोकते, जनुक बंद. मुलग्याकडे दुसरा एक्स नसतो; असतो तो एकच, आईकडून आलेला.

आकडा वाढतो कसा? डीएनएची नक्कल करताना यंत्रणा घसरते, रंगलेल्या भजनात नाम कितव्यांदा घेतलं ते विसरावं तशी. म्हणून मध्ये खुणा असतात: नऊ-दहा सी-जी-जींनंतर एक ए-जी-जी, जणू एखादा 'पांडुरंग'. आईच्या प्रतीत या खुणा नसल्या तर मुलापर्यंत येताना ऐंशीचे दोनशेपार होण्याची भीती जास्त.

एक्झोममध्ये प्रथिनाची कृती लिहिलेले भाग वाचतात. ही जपमाळ त्याबाहेर पडते. शिवाय वाचन साधारण दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत, म्हणजे पन्नास विठ्ठल. भजनाची टेप अशी कापून हातात दिली तर नाम दोनशेदा झालं की सातशेदा, कोण सांगणार? सगळे तुकडे सारखेच! त्यासाठी लांबी मोजणारी पीसीआर किंवा सदर्न ब्लॉट ही वेगळी चाचणी लागते.

ताईंना सासूबाई अजून ग्रहणात विळी धरल्याबद्दल ऐकवतात, आणि कुणीतरी स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवलीत. सासूबाई निदान पैसे मागत नाहीत.

सहावा मजला आला. "स्पीच थेरपी लगेच सुरू करा, तिला रिपोर्ट लागत नाही," मी म्हटलं. "आणि माहेरी कुणी उशिरा बोललेलं?"

"धाकटा भाऊ. का हो?"