जुनं लंडन बिग बेनपाशी नाही, सिटीत आहे

बिग बेनसमोरचा फोटो आणि खाली ‘जुन्या लंडनमध्ये’ अशी ओळ मी इतक्यांदा वाचली आहे, की आता हे एकदा नीट सांगायलाच हवं. फोटो छान असतात, पण ते जुनं लंडन नव्हे.

बिग बेन आहे तो वेस्टमिन्स्टर भाग तुम्हाला पाठ आहे: संसद, ॲबी (म्हणजे तिथलं जुनं मठाचं चर्च), ट्रॅफल्गार चौक, बकिंगहॅम राजवाडा. त्यावर वेळ घालवत नाही. ‘सिटी ऑफ लंडन’ हा त्याच्या पूर्वेला, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आसपासचा जेमतेम एक चौरस मैलाचा भाग. ॲबीपासून रमतगमत चालत गेलात तर पाऊण तासात पोचाल. आज मधे कुठे खंड दिसत नाही, पण मुळात ही दोन वेगळी गावं. सिटी रोमनांनी इ. स. ५०च्या सुमारास वसवलेली, पुढे तटबंदी घातलेली, व्यापाऱ्यांची. वेस्टमिन्स्टर राजाचं आणि मठाचं. एडवर्ड राजाने ॲबी उभी केली ती १०६५ साली, म्हणजे तोवर सिटीला हजार वर्षं होऊन गेली होती.

किरकोळ गोंधळ आधी उरकू. लंडनचा मेयर वेगळा आणि सिटीचा लॉर्ड मेयर वेगळा. मधला भाग उचलला जाणारा, दोन मनोऱ्यांचा तो टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज शेजारचा, साधा, १९७३ सालचा. टॉवर ऑफ लंडन सिटीला खेटून आहे, पण हद्दीबाहेर. झालं.

आता खरी गोम. माणसं फसतात ती अडाणीपणामुळे नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवल्यामुळे. वेस्टमिन्स्टरला सगळं जुनं दिसतं आणि सिटीत नजर जाते तिथे काचेचे टॉवर. मग पाहुणे म्हणतात, “इथे काय बघायचं? ही तर ऑफिसं!” पण वेस्टमिन्स्टरच्या त्या ‘जुन्या’ देखाव्याची वयं बघा. संसदेचा वाडा १८३४च्या आगीत जळाला आणि नव्याने बांधला, त्यामुळे बिग बेनचा मनोरा १८५९चा. राजवाड्याचा जो दर्शनी भाग आपण फोटोत घेतो, तो १९१३चा. ॲबी आणि वेस्टमिन्स्टर हॉल खरोखर प्राचीन आहेत, त्यांना माझा मनापासून नमस्कार. बाकी बराचसा देखावा एकोणिसाव्या शतकात मुद्दाम जुन्या वळणाने उभारलेला आहे.

सिटीत नेमकं उलटं. २ सप्टेंबर १६६६ला पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग लागली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्चेस गेली. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने रुंद, सरळ रस्त्यांचा नवा आराखडा मांडला. तो बारगळला, कारण प्रत्येकाला आपली जागा जिथल्या तिथे हवी होती आणि धंदा लवकर सुरू करायचा होता. म्हणून इमारती नव्या झाल्या आणि गल्ल्या बहुतेक जुन्याच राहिल्या. पुढे जर्मन बॉम्बनी पुन्हा इमारती पाडल्या; तरी बऱ्याच गल्ल्या टिकल्या. ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पोल्ट्री ही नावं वाचा: जिथे जे विकलं जायचं तेच नाव. आपल्या तांबट आळीसारखंच. वेस्टमिन्स्टर मान वर करून बघायचं असतं, सिटी पायांनी. दोन काचेच्या इमारतींमधून अचानक वाकडी होणारी बोळ दिसली, की तिच्यात शिरा. ती वाकडी आहे कारण मध्ययुगातही ती तशीच वाकडी होती.

हा फरक आपल्या इतिहासातही आहे. सातारचे छत्रपती प्रतापसिंह पदच्युत झाल्यावर त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला आले आणि वर्षानुवर्षं इथे झगडले. ईस्ट इंडिया कंपनीचं दार सिटीत, लेडनहॉल स्ट्रीटवर; संसदेचं दार वेस्टमिन्स्टरला. पैसा एकीकडे, राजसत्ता दुसरीकडे, आणि न्यायासाठी दोन्ही दारं ठोठवायची. कंपनीची इमारत १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. आज त्या जागी लॉइड्स या विमाबाजाराची, नळ आणि जिने बाहेर काढलेली, स्टीलची इमारत आहे. मराठी माणसाने तिथे पाच मिनिटं थांबावं असं मला फार वाटतं.

सिटी शनिवार-रविवारी बघू नका. मुंबईतल्या फोर्टसारखंच, ऑफिसं बंद म्हणजे सगळंच थंड. रविवारी सेंट पॉल्सही फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं. मंगळवार ते गुरुवार उत्तम. टॉवर हिल स्टेशनला उतरा. बाहेर पडल्यावर लगेच सिटीच्या जुन्या तटाचा उंच तुकडा उभा आहे. तिकीट नाही, रांग नाही, आणि बहुतेक सगळे त्याला पाठ करून टॉवरकडे पळतात. जवळ जाऊन बघा. खालचे दगड नीट घडवलेले, सारख्या आकाराचे, आणि त्यांच्यामधून चपट्या लाल विटांच्या आडव्या पट्ट्या गेलेल्या. तो भाग रोमन. जिथे पट्ट्या संपतात आणि दगड ओबडधोबड होतात, तिथून वर मध्ययुग.