संघनिष्ठा (क्रीडा)

संघनिष्ठा : एखाद्या क्रीडासंघाशी प्रेक्षकाचे जडलेले आणि पराजयानंतरही टिकून राहणारे भावनिक नाते. निकालावर ज्याचा काडीमात्र ताबा नाही व निकालातून ज्याच्या पदरी काहीच पडत नाही, अशा माणसाला त्या निकालापायी रात्रभर झोप लागू नये, हे या नात्यातील मूळ कोडे होय. खेळाचा रसिक आणि संघाचा पाठीराखा यांत येथे भेद करावा लागतो. रसिकाला चुरस हवी असते. पाठीराख्याला आपला संघ रटाळ खेळून जिंकला तरी चालतो.

ही वृत्ती आधुनिक नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या रथशर्यतींतील निळ्या व हिरव्या पक्षांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले होते, आणि इ. स. ५३२ मध्ये हेच दोन पक्ष एकत्र आले तेव्हा ‘निका’ (जिंक) या शर्यतीतल्याच आरोळीने सुरू झालेल्या दंगलीत सम्राट जस्टिनियनचे सिंहासन डळमळले.

कोड्याचा एक धागा सर्वनामात सापडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव मिरवणारे कपडे अधिक घालत आणि विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’, तर पराजयाविषयी बोलताना ‘ते’ म्हणण्याकडे त्यांचा कल असे. (मराठीतील ‘आपण जिंकलो’ हे तर याच्याही पुढचे; त्यात ऐकणाराही संघात ओढला जातो.) मात्र हारल्यावर हात झटकणे हे हौशी चाहत्यांचे लक्षण आहे. कट्टर पाठीराख्याला ती सोय नसते, कारण संघ हा त्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचाच भाग झालेला असतो. १९५१ मधील प्रिन्स्टन–डार्टमथ या धसमुसळ्या अमेरिकी फुटबॉल सामन्याची एकच फिल्म दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना दाखवली गेली, तेव्हा डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मोजले.

शरीरही या ‘आपण’मध्ये सामील होते. २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. याच तीव्रतेला हिंसेचे वळण लागते तेव्हा त्याची किंमत जिवाने मोजावी लागते; १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर ३९ जण मृत्युमुखी पडले.

तरीही जय हा या निष्ठेचा आधार मानणे पुरेसे ठरत नाही. बेसबॉलमधील शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवले. मधल्या १०८ वर्षांत कित्येक पाठीराखे जन्मले, वाट पाहत राहिले आणि वारले. त्यामुळे विजयानंतर लोकांनी स्टेडियमच्या बाहेरील भिंतींवर आपल्या दिवंगत आप्तांची नावे खडूने लिहिली. संघ असा वारशाने मिळतो, आणि तो सोडणे म्हणजे ज्याने बोट धरून पहिला सामना दाखवला त्यालाच सोडल्यासारखे वाटते.

निष्ठा नेमकी कशावर असते, हा प्रश्न मात्र उरतो, कारण खेळाडू, प्रशिक्षक, मालक असे सारेच कालांतराने बदलते. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात स्थलांतराची परवानगी मिळाली, तेव्हा बहुसंख्य पाठीराख्यांनी खेळाडू व परवाना असलेल्या त्या क्लबकडे पाठ फिरवून एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा संघ उभा केला. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, पोहोचला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो प्लाऊ लेनवर, म्हणजे जुन्या क्लबने १९९१ मध्ये सोडलेल्या मैदानाजवळच्या नव्या स्टेडियमवर परतला; तेथील पहिला सामना कोविड साथीच्या निर्बंधांमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला.