विषाणू-ग्राही बंधाचे संगणकीय प्रारूप

मानवी पेशीत शिरण्याआधी विषाणूला तिच्या पृष्ठभागावरचे एखादे प्रथिन, म्हणजे ‘ग्राही’, पकडावे लागते. ही पकड अणूंच्या पातळीवर कशी बसते, हे संगणकावर मांडून पाहण्याची ही पद्धत. कोविड-१९ च्या विषाणूचे स्पाइक प्रथिन आणि आपल्या पेशींवरचे एसीई-२ ही जोडी तिचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे.

आधी त्रिमितीय रचना हवी. ती क्ष-किरण स्फटिकशास्त्रातून किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून मिळते. ‘डॉकिंग’मध्ये दोन प्रथिने हजारो कोनांतून जुळवून पाहतात. ‘रेणुगतिकी’त मात्र भोवतीच्या पाण्या-क्षारांसह प्रत्येक अणू हलू देतात. एकेक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश), म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावले. एवढा खटाटोप करायचा, कारण प्रथिन स्थिर नसते. छायाचित्रात दिसत नाही ते हालचालीत दिसते.

स्पाइकचेच पाहा. त्यात १,२७३ अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या असतात आणि प्रत्येकीवर २२ ठिकाणी शर्करेचे झुबके. एसीई-२ ला धरणारा भाग ‘वर’ उचलला गेला तरच पकड बसते. हे झुबके प्रतिपिंडांपासून लपण्यासाठीच असतात, असे मानले जाई. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील रॉमी अमारो यांच्या गटाच्या प्रारूपात १६५ व २३४ या जागांवरचे झुबके तो भाग टेकूसारखा वर धरून ठेवताना दिसले. त्या जागा बदलून केलेल्या प्रयोगांत एसीई-२ शी बंध खरोखरच कमी झाला. संगणकाने आधी दाखवावे आणि प्रयोगशाळेने दुजोरा द्यावा, हे या शास्त्राचे सर्वांत सुंदर रूप.

महाराष्ट्रातल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेतही ही पद्धत कामी आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने राज्यातील नमुन्यांत सापडलेली एल४५२आर, टी४७८के, ई४८४क्यू ही उत्परिवर्तने, म्हणजे स्पाइकमधले बदल, रचनेवर बसवून पाहिली (एल४५२आर म्हणजे ४५२ व्या जागी ‘एल’ या अमिनो आम्लाऐवजी ‘आर’). एसीई-२ शी बंध वाढण्याची शक्यता त्यांतून दिसली.

प्रारूपातून निघणाऱ्या बंधऊर्जेचा, म्हणजे पकड किती घट्ट याचा, आकडा मात्र जपून वापरावा. दोन प्रकारांची तुलना करायला तो बरा, निरपेक्ष मूल्य म्हणून कच्चा. एकेकटे उत्परिवर्तन तपासूनही फसगत होते. ओमिक्रॉनमधल्या के४१७एन मुळे एसीई-२ च्या ३० व्या अमिनो आम्लाशी असलेला विद्युतभारांचा दुवा तुटतो आणि पकड ढिली पडते. पण त्याच विषाणूत ५०१ व्या जागी आलेले टायरोसिन हे वलयधारी अमिनो आम्ल एसीई-२ च्या ४१ व्या टायरोसिनला वलयाशी वलय लावून टेकते आणि ती उणीव भरून काढते.